डावीकडं चालणारी मेंढरं

माझा धाकटा भाऊ ताटातली अर्धीच भाकर खायचा. मोडून अर्धी नव्हे बरं का. भाकरीची उजवी बाजू खाऊन मोकळा, आणि डावी बाजू कोरीच्या कोरी तशीच ताटात. उजवीकडची वांग्याची भाजी चाटून पुसून साफ, डावीकडचं पिठलं वाळून पापुद्रा धरलेलं. वर आणि म्हणायचा, "पोट भरलं नाय. वाढा की अजून."

माझी भावजय पहिले आठ दिवस नुसती रडवेली व्हायची. तिला वाटलं, आपल्या हातचं पिठलं यांना आता गोड लागेना. चाळीस वर्षं ज्या माणसानं उघड्या रानात, तीन दगडांच्या चुलीवरचं खाल्लं, त्याला बहिणीच्या घरात आल्यावर चव फुटली की काय! एक दिवस मी ताट उचलायला वाकले आणि ते हातात जरा फिरलं. डावी बाजू उजवीकडं आली. तसा भाऊ म्हणतो, "आरं वा! पिठलं कवा केलं?" आणि बसला की खायला.



त्याच्या अंगावरून वारं गेलं होतं. पाचोडच्या शिवारात मेंढरं चारताना बांधावर बसला तो उठलाच नाही. सोबत त्याचा पोरगा होता म्हणून वाचला. दवाखान्यातले दिवस सरले, डावा हात-पाय थोडा थोडा हलायला लागला, आणि मग त्याला मी माझ्याकडं शहरात, पुंडलिकनगरला आणला. गावात व्यायाम घ्यायला कोण येणार? इथं एक फिजिओथेरपीची पोरगी दिवसाआड स्कूटीवर यायची. वयानं माझ्या नातीएवढी असेल, पण बोलणं एकदम ठाम. ताटाची गोष्ट मी तिला सांगितली तेव्हा तिनं पिशवीतून एक कागद काढला. त्यावर पानभर बारक्या रेघा. म्हणाली, "काका, सगळ्या रेघांवर फुली मारा."

त्यानं उजवीकडच्या मारल्या आणि कागद परत दिला. "झालं."

"सगळ्या झाल्या?"

"व्हय. मोजून घे."

डाव्या अर्ध्या पानावर एक फुली नव्हती.

"काकू," ती मला म्हणाली, "काकांचे डोळे चांगले आहेत. पण मेंदू डावीकडची खबरच घेत नाही. त्यांच्या लेखी डावी बाजू नाहीच. दिसत नाही असं नाही, तिकडं बघायचं असतं हेच त्यांना सुचत नाही."

आता मला सगळा उलगडा झाला. भावजय डाव्या हाताला बसून बोलली की हा गप्प का राहतो, अर्धी दाढी करून आरसा का खाली ठेवतो, दाराच्या डाव्या चौकटीला खांदा का आपटतो. भावजय बिचारी एवढे दिवस मनात धरून बसली होती की हे आपल्यावर रुसलेत.

भावाला मात्र एकच ध्यास. पोरगी आली की पहिला सवाल, "मला गावाकडं कवा सोडतेस?" आणि एक दिवस ती त्याला काठी देऊन गल्लीत घेऊन गेली. मी मागं होतेच. समोरच्या बोळातून, डावीकडून, एक मोटारसायकल आली. चांगला हॉर्न वाजवत आली. भाऊ ऐकून उजवीकडं बघायला लागला आणि पाय पुढंच टाकत राहिला! पोरीनं दंडाला धरून ओढला म्हणून बरं. मोटारसायकलवाला काहीबाही बोलून गेला.

घरात आल्यावर तिनं स्पष्ट सांगितलं. "काका, तुमच्या गावाजवळ मोठा रस्ता आहे. मेंढ्या घेऊन तुम्ही तो रोज ओलांडता. आपणहून डावीकडं बघायला लागाल त्या दिवशी मी स्वतः सांगेन, जा म्हणून. तोवर नाही."

गावाकडं त्याच्या पोराचं, माझ्या भाच्याचं, वेगळंच चाललं होतं. फोनवर म्हणाला, "आत्या, एकट्यानं व्हईना मला. बाबा येणार नसतील तर मी दिवाळी झाली की मेंढरं इकून टाकतो अन् कंपनीत जातो." मी हे भावाला सांगितलं नाही. पण त्याला कळलं असावं. मेंढरांचं काही त्याला सांगावं लागत नाही.

पोरीनं व्यायाम दिला होता. लाल चेंडू हातात धरून उजवीकडून सावकाश डावीकडं न्यायचा, काकांनी नजरेनं त्याच्या मागं जायचं. भावजयीनं दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी भाऊ वैतागला. "मी काय मांजर हाय का, चेंडूमागं फिरायला?" आणि डोळे मिटून घेतले. पोरगी म्हणाली, चेंडूच पाहिजे असं नाही, त्यांना ज्याची ओढ असेल असं काहीही चालेल. फक्त हळूहळू डावीकडं सरकणारं पाहिजे.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की हे तर आपल्याला येतं.

आता हे कसं येतं ते सांगते. मी सातवी शिकलेली बाई. बावीस वर्षं बालवाडी चालवली. निवृत्त झाले तेव्हा मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि त्याचा जुना कंप्युटर घरात राहिला, झाकण घालून, परदेशी गेलेल्या माणसाच्या सामानासारखा. मला दुपारी झोप येत नाही. मी मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि हिंदीतून शिकवणाऱ्या कुणाकुणाचं बघून व्हिडिओ जोडायला शिकले. ते बोलणार भराभर. मी थांबवणार, वहीत लिहिणार, पुन्हा लावणार. अशा चार वह्या भरल्यात. आमच्या गल्लीत आता वाढदिवस असो, लग्नाची पंचविशी असो, नाहीतर कुणाचं तेरावं, फोटो माझ्याकडं येतात आणि गाणं लावून व्हिडिओ होऊन परत जातात.

फोटो हलवायची युक्ती मला सगळ्यात आवडली. बघा, फोटो असतो निवांत पडलेला. त्याच्यावर आपण एक चौकट ठेवायची. चौकटीत जेवढं येईल तेवढंच पडद्यावर दिसतं, बाकीचं बाहेर. सुरुवातीला चौकट एका जागी ठेवून तिथं खूण करायची. मग काही सेकंद पुढं जाऊन चौकट दुसरीकडं सरकवायची आणि तिथं दुसरी खूण. मधलं सगळं कंप्युटर आपलं आपण करतो. फोटो हलायला लागतो. चौकट लहान लहान करत नेली की माणूस जवळ येतो, मोठी केली की लांब जातो. त्या खुणांना की-फ्रेम म्हणतात. मी वहीत खुंटी लिहिलंय. दोन खुंट्या ठोकायच्या, मधली दोरी तो ताणतो.

पहिल्यांदा केलं तेव्हा शेजारणीच्या लग्नाच्या फोटोत नवरा-नवरीवर जायला निघाले आणि शेवटची खुंटी चुकीच्या जागी ठोकली. दहा सेकंद गाणं चालू, आणि चौकट हळूच, मोठ्या मायेनं जाऊन थांबली ती नवरीच्या मामाच्या पोटावर. शेजारीण अजून मला मामाचं पोट म्हणून चिडवते.

तर भाच्याला म्हणलं, मेंढरांचे फोटो पाठव. त्यानं एका सकाळी ढीगभर पाठवले. त्यातला एक मला फार आवडला. कापणी झालेलं ज्वारीचं रान, आणि आडव्या फोटोत अख्खी खांड, म्हणजे सगळा कळप, डावीकडं तोंड करून चाललेली. उजव्या टोकाला मागं राहिलेली कोकरं, डाव्या टोकाला म्होरकी मेंढी. तिच्या पुढं बरंच मोकळं रान होतं. ते मला नुसतंच पडीक वाटलं. बालवाडीत आम्ही चित्राच्या कडेचा जादाचा कागद कापून टाकायचो, तसं मी ते रान कापून टाकलं.

मग डोकं लावलं. भावाची नजर डावीकडं न्यायचीय ना? मग चौकट उजवीकडून सुरू करायची आणि डावीकडं न्यायची. सरळ हिशेब. पहिली खुंटी कोकरांवर, दुसरी म्होरकीवर. मधे पंधरा सेकंद. पेन ड्राईव्हमधे घातलं, टीव्हीला लावलं, भावाला समोर खुर्चीत बसवलं. भावजय डाव्या अंगाला दाराशी शेंगा निवडत बसली.

"हे काय लावलंस, अक्के?"

"बघ तर."

मेंढरं दिसली तसा तो खुर्चीत सावरून बसला. मी त्याच्या डोळ्यांकडं बघत होते. आता डावीकडं जातील, मग जातील. पण डोळे उजवीकडंच! उलट जास्तच उजवीकडं. मान पण तिकडंच फिरायला लागली. आणि एकदम ओरडला, "थांबीव! थांबीव ते!"

"काय झालं रे?"

"मेंढरं मागं चालाय लागलीत की!"

"मागं कशाला? नीट बघ. त्यांची तोंडं डावीकडं, अन् मी पण डावीकडंच नेतेय."

"तोंडं तिकडं अन् निघालीत इकडं. शेपटाकडून चालतंय व्हय मेंढरू? लांडगा बघितल्यावानी सरकाय लागलेत."

भावजयीनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं बिचारी रडतेय. तर ती हसत होती. म्हणाली, "वन्सं, रागवू नका, पण खरंच मागं चालतेत हो."

मी पुन्हा लावलं. मला काही तसं दिसेना. मला दिसत होतं की आपण म्होरकीकडं चाललोय. दोन दुपारी घालवून केलेलं काम, आणि या दोघांना त्यात खोड दिसली. शिवाय मनात भलतीच भीती. म्हणलं, याच्या मेंदूचं आणखी काही बिघडलं की काय? पण मग भावजयीचं काय? ती तर धडधाकट.

त्या रात्री मी कंप्युटरवर परत झाकण घातलं. सकाळी भावासाठी काठीला लावायचं रबरी बूच हवं होतं, म्हणून छावणी बाजारात निघाले. रिक्षात बसले. छावणीच्या रस्त्याला लागलो तर कडेनं जवानांची एक रांग पळत चाललेली. सकाळची दौड असते त्यांची. आमची रिक्षा त्यांच्याच दिशेनं, पण जास्त वेगानं. मी सहज बाहेर बघत होते. पोरं जीव तोडून पुढं पळत होती, आणि माझ्या रिक्षाच्या उघड्या बाजूतून बघावं तर एकेक करत मागं मागं निघालेली.

मी टाळीच वाजवली. "भैया, जरा धीमे! एकदम धीमे!"

"क्या हुआ अम्मा? कोई पहचान का दिखा क्या?"

"नाही हो, मेंढरं सापडली माझी."

रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं आणि रिक्षा हळू केली. आता जवान आमच्यापेक्षा वेगानं चालले. बाजूच्या उघड्या जागेतून एक मागून येई आणि पुढं निघून जाई, सरळ, तोंडाच्या दिशेनं. म्हणजे चौकट मेंढरांच्या दिशेनं न्यायचीच नाही. चौकट उलटी न्यायची. चौकट उजवीकडं सरकली की चित्र डावीकडं सरकतं. मी सगळा वेळ चौकटीत बसून प्रवास करत होते, म्हणून मला मेंढरं मागं जाताना दिसेनात. भाऊ खुर्चीत बसलेला. त्याच्यासमोरून जे गेलं तेच त्यानं सांगितलं.

बूच घ्यायचं विसरून घरी आले. आल्या आल्या खुंट्यांची अदलाबदल केली.

पोरगी त्याच दिवशी आली होती. तिला दोन्ही व्हिडिओ दाखवले. पहिला बघून ती म्हणाली, "काकू, हा तर काकांना उजवीकडं ओढत होता. नजर सरकत्या चित्रामागं जाते. ते बरोबर बोलले."

"अगं, मग मी वेडी ठरले की."

"तुम्ही नाही. पण असं करू नका पुन्हा," ती म्हणाली. आणि हसली नाही. या पोरीचं मला हेच आवडायचं.

दुसरा व्हिडिओ लावला. मेंढरं डावीकडं चालायला लागली. भाऊ खूश होईल म्हणून मी वाट बघतेय, तर त्याचं दुसरंच.

"म्होरकीच्या पुढचं रान कुठं गेलं?"

"कापलं. काही नव्हतं तिथं."

"काय नव्हतं कसं? रान व्हतं ना? म्होरकी काय भिंतीत शिरणार हाय? पुढं रान दिसल्याबिगर ती पाऊल टाकत नाय."

मी कापलेलं रान परत आणलं. आणि मग एक गोष्ट झाली जी मला सुचलीच नसती. चौकट आता मोकळ्या रानावर सुरू व्हायची. पडद्यावर नुसती ज्वारीची धसकटं. मग उजवीकडून, म्हणजे भावाला जी बाजू चांगली दिसते तिथून, म्होरकी आत यायची. तिच्यामागं सगळी खांड. आणि ती त्याला बोटाला धरल्यासारखी डावीकडं घेऊन जायची.

पण एवढ्यावर भागलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणतो, "अक्के, ही निघताना दबकत निघतेत अन् मधीच पळत सुटतेत. कुत्रं लागल्यागत."

खरं होतं. कंप्युटर आपल्या मनानं सुरुवात हळू, मधे जोरात, शेवट परत हळू असं करतो. माणसांच्या फोटोला ते छान दिसतं. मी वही काढली, ते कुठं बदलायचं ते शोधलं आणि चाल एकसारखी केली. मग म्हणाला, अजून हळू. पंधराचे तीस सेकंद केले. अजून हळू. "चरत चालतेत ती. कुठं लग्नाला निघालीत का?" शेवटी एका मिनिटावर तो कबूल झाला.

"पाय मात्र हालत नायत," म्हणाला.

"पाय माझ्याच्यानं हलायचे नाहीत बाबा. फोटो आहे तो."

"राहू दे. पाय मी धरून चालतो."

एकदा मी शहाणपणा करून म्होरकीचं तोंड मोठं करून दाखवायला गेले. चौकट इतकी लहान केली की फोटो फाटला, तोंडाचे नुसते चौकोन चौकोन. भाऊ म्हणाला, "हिला काय देवी आल्या का?" म्हणून ते सोडून दिलं.

रोज सकाळी चहानंतर एकदा आणि दुपारी जेवणानंतर एकदा, मेंढरं टीव्हीवरून जायची. पोरगी म्हणाली होती, मोजायला लावा. त्याला लावायला लागलंच नाही. मेंढक्याला मेंढरं दिसली की तो मोजतोच. पहिल्या दिवशी त्यानं सव्वीस मोजली आणि खवळला. "बाकीची कुठायत? पोरानं इकली का काय?" भावजय घाबरली. मी म्हणलं, आहेत रे, फोटोतच आहेत, नीट बघ. मोजायच्या आधी डावीकडं सरकलेली त्याच्या हिशेबातून सुटायची. दुसऱ्या दिवशी एकतीस. मग चार दिवस एकतीसच. मग एकदा चाळीस झाली आणि मला त्या दिवशी शिरा करावासा वाटला. त्याला दाखवायचं नव्हतं म्हणून भावजयीला म्हणलं, रवा जुना झालाय, संपवू. मधे एक आठवडा असा गेला की परत एकोणतीसवर आला, चिडचिड केली, टीव्ही बंद करायला लावला. पोरगी म्हणाली असं होतं, थकतो मेंदू. मी वरून हो म्हणलं आणि आतून घाबरले. भाच्याचा फोन येऊन गेला होता. मेंढरांना एक गिऱ्हाईक बघून गेलं म्हणाला.

मी भाच्याला एवढंच म्हणलं, "दिवाळीपर्यंत थांबतो म्हणलायस ना? मग थांब."

नवरात्र संपल्यावरची एक सकाळ. भाऊ खुर्चीत, समोर टीव्ही. भावजय दाराशी, त्याच्या डाव्या हाताला, मेथी निवडत. तिथंच बसायची ती रोज. मी एकदा तिला म्हणलं होतं, उजवीकडं बस, म्हणजे तुला उत्तर तरी देईल. तर म्हणाली, "बोलायचं असलं तर उजवीकडं जाते की. हितं उजेड बरा हाय." पण मला माहीत होतं, उजेडाचं कारण नव्हतं.

मेंढरं आली. म्होरकी पडद्याच्या मधे आली, पुढं गेली, डाव्या कडेला पोचली आणि कडेबाहेर गेली. भावाची नजर तिच्याबरोबर गेली. पडदा संपला तरी नजर थांबली नाही. मान हळूहळू फिरली. टीव्हीच्या पलीकडं कॅलेंडर, मग खुंटीवरची माझी पिशवी, मग दार. आणि दाराशी बसलेली त्याची बायको.

तो तिच्याकडं बघत राहिला. ती खाली मान घालून मेथी निवडत होती.

"तू कवा आलीस?" त्यानं विचारलं.

तिनं वर बघितलं. इतक्या दिवसांत त्या बाजूनं त्यानं आपणहून तिला हाक मारली नव्हती.

"मी?" ती म्हणाली, "मी हितंच हाय. तुमीच फिरतीवर व्हता."

"लई वाळलीस."

"म्हंजे दिसाय लागले म्हणायचं."

मग तिनं मेथीची जुडी उगाच झटकली, माती पार माझ्या फरशीभर केली, आणि उठून आत गेली. आतून बराच वेळ नळाचा आवाज येत होता. मी काही आत गेले नाही. टीव्हीवर मागची कोकरं जात होती, त्यांना कुणी मोजलं नाही.

लगेच सगळं ठीक झालं असं नाही हं. त्याच दुपारी दाराला खांदा परत आपटला. पण त्यानंतर वाट सापडल्यासारखी झाली. पोरीनं त्याला एक युक्ती शिकवली. कुठंही गेलं की आधी म्होरकी कुठाय ते शोधायचं, म्हणजे डावीकडच्या शेवटच्या टोकापर्यंत नजर न्यायची, मग पाऊल टाकायचं. तिनं हा शब्द त्याच्याकडूनच उचलला होता. "काका, म्होरकी?" ती विचारायची. तो मान फिरवून सांगायचा, "निळा दरवाजा." किंवा "कुत्रं झोपलंय." किंवा "कुणाची तरी स्कूटी लावलीय, माझ्याच रस्त्यात." ती स्कूटी तिचीच असायची.

दिवाळीच्या आधी चार दिवस तिनं परत त्याला रस्त्यावर नेलं. गल्लीत नाही, पुढच्या मोठ्या रस्त्यावर, जिथं सगळंच एकदम येतं. तिनं त्याला धरलं नव्हतं. मी आणि भावजय पानटपरीजवळ उभ्या. भावजयीनं माझा हात इतका घट्ट धरला की माझ्या बांगड्या रुतल्या. डावीकडून एक टेम्पो येत होता. भाऊ कडेला थांबला. उजवीकडं बघितलं. मग मान डावीकडं फिरवायला लागला, हळू, चरत चालल्यासारखा, आणि मला वाटलं ओरडावं, अरे लवकर! टेम्पो समोरून गेला. त्याच्यामागं सायकल, तीही गेली. मग त्यानं पुन्हा एकदा डावीकडं बघितलं आणि काठी टेकत पलीकडं गेला. पलीकडं जाऊन आमच्याकडं वळला आणि ओरडला, "आता तुमी या! का तुमाला बी हात धरून आणू?"

पोरगी माझ्याकडं वळून म्हणाली, "जाऊ दे त्यांना घरी. पण व्यायाम सोडायचा नाही. आणि अंधारात रस्ता नाही." ती नियम देऊनच खूश व्हायची.

दिवाळी त्यानं पाचोडला केली. भाच्यानं मेंढरं विकली नाहीत. गिऱ्हाईकाला म्हणला म्हणे, बाबा म्हणतेत नाय. मी विचारलं, बाबा खरंच काही म्हणाले का? तर म्हणाला, "काय नाय म्हणले. मेंढवाड्यापाशी उभं राहून मोजत व्हते. म्या समजलो."

आता तो खांडीच्या उजव्या अंगानं चालतो. म्हणजे सगळी मेंढरं त्याच्या डाव्या हाताला. पोरगी आधी म्हणत होती, जे काही लागतं ते उजवीकडं ठेवा. हा म्हणाला, "उजवीकडं ठेवलं तर डावीकडं कशाला बघू? कळप तिकडं असला म्हंजे नजर आपसूक जाते." तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, हे बरोबर आहे.

मोठा रस्ता ओलांडताना भाचा बरोबर असतो. अजून एकट्यानं नाही.

परवा भावाचा फोन आला. मला वाटलं तब्येतीचं काही सांगतोय. तर म्हणाला, "अक्के, मेंढरं आता मला दिसतेत. माणसं निसटतेत. काल पंचायतीपुढं पाव्हणा डावीकडून राम राम करून गेला, म्या बघितलंच नाय. गावात म्हणतेत, ह्याला मिजास आली. तू माणसांचं कर की कायतरी."

"म्हणजे कसं?"

"आपल्या माणसांचे फोटो घे. उजवीकडून येऊ दे, डावीकडं जाऊ दे. एकेक. अन् हळू. म्या नाव घेत जातो."

म्हणून आता मी ते करतेय. भाच्यानं गावातल्या माणसांचे फोटो पाठवलेत, पारावर बसलेले, पिठाच्या गिरणीवर, बाजारात. एका वेळी एकच माणूस येतो, मधे मोकळी जागा सोडायची म्हणजे त्याला नाव आठवायला वेळ मिळतो. सगळ्यांची तोंडं डावीकडं वळलेली नसतात, ही एक अडचण आहे. माणसं काही मेंढरांसारखी एका दिशेनं बघत नाहीत. उजवीकडं तोंड असलेला माणूस डावीकडं सरकवला की तो मागं चालल्यासारखा दिसतो, आणि हे आता मला पण दिसतं. अशांना फोटोतच आरशासारखं उलटं करून घेते. फक्त ज्याच्या शर्टावर किंवा मागच्या पाटीवर अक्षरं आहेत, त्याचं ते करता येत नाही. सरपंचाचा फोटो त्यापायी अडून बसलाय.

सुरुवात कुणापासून करायची ते मी ठरवलंय. भावजयीचा एक फोटो आहे माझ्याकडं, इथं असताना अंगणात काढलेला. तो पहिल्यांदा आत येऊ दे म्हणलं. फोनवर सांगितलं तर मागून तिचाच आवाज आला, "वन्सं, तो नको हो! त्यात माझे डोळे मिटलेत!"

"मिटू दे," भाऊ म्हणाला, "वळख पटती."

"पटती म्हणे! अन् सगळ्या गावाला दाखवत बसाल टीव्हीवर."

दोघांचं तिकडं भांडण जुंपलं. मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला, आणि चौकट मोकळ्या अंगणावर ठेवून पहिली खुंटी ठोकली.